चौथा कोपरा

“चाळीसपैकी सत्तावीस,” साहेब कागदावरून नजर न काढता म्हणाले, आणि काटेबाईंना वाटलं, आपण पहिल्या वर्गात पास झालो.

असं वाटण्यात त्यांची काही चूक नव्हती. गुण जास्त पडले की शाबासकी मिळते आणि कमी पडले की वर्गाबाहेर उभं राहावं लागतं, हेच त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. शाळेत एकदा भूगोलात त्यांना नेमके एवढेच गुण पडले होते, तर वडिलांनी रंगीत पेन्सिलींची पेटी आणून दिली होती. तेव्हा खुर्चीत जरा ऐसपैस बसत त्यांनी विचारलं, “आणि आमच्या होयबाला किती?”

“तीन.”

काटेबाईंचा चेहरा पडला. होयबा त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं तयार झालेला. चाळिशीला टेकलेला, दोन मुलांचा बाप, पण कुणी काही म्हटलं की ‘हो’ म्हणून मोकळा होणार, म्हणून सगळा कारखाना त्याला होयबाच म्हणायचा. तो नापास म्हणजे शिकवणारीला कमीपणा. “त्याला सांभाळून घ्या, साहेब,” त्या म्हणाल्या. “हाताने चांगला आहे. कागद दिसला की घाबरतो, एवढंच.”

साहेब माणूस सज्जन होता. कुणाला वाईट बातमी द्यायची असली की आधी पाण्याचा पेला पुढे सरकवायची त्यांची रीत होती. त्यांनी पेला सरकवला आणि मग सांगितलं की ही परीक्षा तसली नाही. या प्रश्नांतून माणसाचा मीपणा मोजतात. आकडा जितका मोठा तितका माणूस स्वतःच्या प्रेमात. चौदा-पंधरा म्हणजे चारचौघांसारखा. सत्तावीस म्हणजे जरा फारच झालं, आणि अशा माणसाच्या हाती एखादं खातं द्यायचं तर दहादा विचार करावा लागतो.

काटेबाई पाणी प्यायल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “हा कागद कुणी तपासलाय?”

“मानसशास्त्राच्या बाईंनी तपासलाय ना. त्यांचीच सही आहे खाली.”

“माझी उत्तरं नाही म्हणत मी. कागद. कागद कुणी तपासलाय?”

साहेबांना प्रश्न कळला नाही. कळला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

औषधांच्या त्या कारखान्यात सत्तेचाळीस काटे होते. काचेच्या पेटीतल्या, कुणी जवळ श्वास सोडला तरी बिथरणाऱ्या नाजूक काट्यापासून पिंपं तोलायच्या, जमिनीत बसवलेल्या धिप्पाड काट्यापर्यंत. यातला प्रत्येक काटा खरं बोलतो की नाही, हे ठरल्या दिवशी तपासायचं काम वजनखोलीचं. खरं बोलला तर हिरवी चिठ्ठी, खोटं बोलला तर लाल. एकदा लाल चिठ्ठी लागली की त्यावर चिमूटभर पूडसुद्धा तोलायची नाही, आणि ती चिठ्ठी काढायचा अधिकार वजनखोलीच्या प्रमुखाशिवाय कुणाला नाही, मालकालासुद्धा नाही. नियमांच्या जाडजूड पुस्तकातला हा एकच नियम काटेबाईंना पाठ होता, कारण तो एकच त्यांना मनापासून पटला होता.

त्या कारखान्यात आल्या होत्या बाटल्यांना झाकणं लावायला. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका उन्हाला बसायच्या, तेव्हा या वजनखोलीच्या दाराशी उभ्या राहून आत बघत राहायच्या. आत एक म्हातारे उस्ताद मखमलीच्या खळग्यांतून पोलादी वजनं चिमट्याने उचलत असत. वजनाला बोट लावायचं नाही, बोटाच्या घामालाही वजन असतं, हे बाईंना पहिल्यांदा तिथे कळलं. महिनाभराने उस्ताद म्हणाले, “दारात उभं राहून पोट भरत नाही. आत ये.” आणि त्या आत गेल्या त्या गेल्याच. उस्तादांचं एक वाक्य त्यांच्या हाडात मुरलं होतं: वजनाला लाज नसते, जेवढं आहे तेवढं ते सांगतं, जास्त सांगणं हे खोटं, तसं कमी सांगणं हेही खोटंच.

दोन वर्षांपूर्वी उस्ताद निवृत्त झाले आणि प्रमुखाची खुर्ची रिकामी राहिली. काम सगळं काटेबाईंनीच केलं. पण नोंदवहीत सही करताना त्यांना खाली लिहावं लागे, ‘प्रमुखाकरिता’. दिवसाला पाच-सात सह्या, आणि प्रत्येक सहीखाली तो शब्द. निवृत्तीला सहा वर्षं उरली होती. पगार दोनशेने वाढला काय किंवा न वाढला काय, त्याचं त्यांना फारसं नव्हतं. खुर्चीला गादी असेल की नसेल, याचंही नव्हतं. सहीखालचं ते ‘करिता’ तेवढं एकदा जायला हवं होतं. मनातलं हे त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, पण होतं ते हेच, आणि त्यासाठी त्या दोन वर्षं थांबल्या होत्या.

म्हणून प्रमुख निवडण्यासाठी तो कागद आला तेव्हा त्यांनी तो जीव लावून भरला. चाळीस जोड्या, प्रत्येक जोडीत दोन वाक्यं, एकावर खूण करायची. ‘कामात मी इतरांपेक्षा सरस आहे’ आणि ‘मी इतरांसारखीच आहे’. दुसरा कुणी असता तर नम्रपणे दुसऱ्यावर खूण करून मोकळा झाला असता. काटेबाई जिना चढून वजनखोलीत गेल्या आणि नोंदवह्या काढून बसल्या. बाहेरच्या तपासनिसांनी अकरा वर्षांत त्यांचे सहाशे बारा आकडे पुन्हा तपासले होते आणि एकातही फरक निघाला नव्हता. होयबाचे चार निघाले होते. मग सरस नाही तर काय? त्यांनी पहिल्या वाक्यावर खूण केली. ‘मी सांगितलं की लोक ऐकतात’ या वाक्यापाशीही त्या थांबल्या नाहीत. मुलांच्या तापाच्या औषधाची मोठी तुकडी निघायच्या दिवशी त्यांनी नाजूक काट्याला लाल चिठ्ठी लावली होती. तेव्हाचे उत्पादन-साहेब अंगावर धावून आले होते, म्हणाले होते, दोन मिलिग्रॅमने कोण मरतंय. बाई दारात उभ्या राहिल्या. पुढे कळलं की काटा दोन नव्हे, अकराने जास्त सोडत होता. लोक ऐकत नाहीत असं म्हणणं म्हणजे त्या दिवसाबद्दल खोटं बोलणं झालं असतं.

थोडक्यात, बाकी सगळ्यांनी तो कागद स्थळ बघायला आल्यासारखा मान खाली घालून भरला आणि काटेबाईंनी तो तपासणीचा तक्ता समजून भरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

साहेबांच्या खोलीतून त्या निघाल्या त्या थेट प्रसाधनगृहात गेल्या आणि नळ सोडून रडल्या. रडल्या हे लपवण्यात अर्थ नाही. पण रडताना त्यांना राग येत होता तो सत्तावीसचा नव्हता. एवढ्या मोठ्या माणसांनी न तपासलेल्या काट्यावर माणूस तोलला, याचा होता.

मानसशास्त्राच्या बाई आठवड्यातून दोन दिवस कारखान्यात येत. तिशीच्या, खांद्याला भलीमोठी पिशवी, बोलताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. काटेबाईंनी त्यांना वजनखोलीत बोलावून घेतलं, स्टूल पुसून दिलं आणि एक मध्यम काटा पुढे ओढला. चिमट्याने दोनशे ग्रॅमचं वजन उचलून त्यांनी मधोमध ठेवलं. दोनशे. मग पुढच्या डाव्या कोपऱ्यात. दोनशे. पुढचा उजवा, मागचा उजवा, दोनशे, दोनशे. मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं तर काटा दोनशे आणि वर तीन दशांश दाखवू लागला.

“मधोमध ठेवलं की कुठलाही काटा शहाण्यासारखा वागतो,” काटेबाई म्हणाल्या. “खोड कोपऱ्यात कळते. वजन तेच, माणूस तोच, आणि एक कोपरा वेगळं बोलतोय. हा काटा मी वापरू देणार नाही. आता तुम्ही सांगा, मॅडम, तुमच्या कागदाचे कोपरे कुणी बघितलेत?”

त्या बाई हसतील असं होयबाला वाटलं होतं. तो कोपऱ्यात रुमालाने उगाच एक वजनपेटी पुसत उभा होता. पण त्या हसल्या नाहीत. त्या तीन दशांशाकडे बघतच त्या म्हणाल्या, “ताई, खरं सांगू का? आमच्यात यावर भांडणं चालू आहेत.”

मग त्यांनी सांगितलं ते काटेबाईंनी चिमटा हातात धरूनच ऐकलं. मीपणा म्हणजे नक्की काय, यावरच एकमत नाही. कुणी म्हणतं, तो सगळ्यांतच असतो, कमी-जास्त, उंचीसारखा. त्यांचा हा चाळीस जोड्यांचा कागद. पण त्यात गल्लत अशी की खरा आत्मविश्वास, पुढारपण, आणि ‘मला मिळालंच पाहिजे, मग दुसऱ्याचं काही होवो’ ही हाव, हे सगळं एकाच बेरजेत पडतं. दुसरे म्हणतात, छाती काढून चालणारा तेवढाच मीपणा नव्हे. एक लपलेलाही असतो, कुणी टीका केली की आठ-आठ दिवस कुढणारा, खोलीत शिरलं की सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटणारा. त्याचा कागद वेगळा. डॉक्टरांची रीत तिसरीच. ते कागद देत नाहीत, समोर बसवून बोलतात. नऊ लक्षणं ठरलेली आहेत, त्यांतली पाच तरी दिसली आणि त्या पायी माणसाचं किंवा त्याच्या घरच्यांचं जगणं विसकटलं, तरच त्याला आजार म्हणायचं. कुणी तर सरळ एकच प्रश्न विचारतं, ‘तुमच्यात मीपणा किती आहे?’ एक ते सातात आकडा सांगा. गंमत म्हणजे लोक बऱ्यापैकी खरं सांगतात, कारण ज्याच्यात तो ठासून असतो त्याला त्याची लाज वाटत नाही. आणि काही जण म्हणतात, ज्याला मोजायचं त्याला विचारूच नका, जवळच्यांना विचारा.

“आणि साहेबांनी यातला एक घेऊन प्रमुख निवडायचं ठरवलं.”

“निवडीसाठी वापरू नका असं मी त्यांना लेखी दिलंय,” त्या बाई म्हणाल्या. “त्यांना एक आकडा हवा होता. आकडा मिळाला की माणसाला हुश्श वाटतं.”

काटेबाईंना ती मुलगी त्या क्षणी आवडली. “मग मला सगळ्या कोपऱ्यांत ठेवा,” त्या म्हणाल्या. “सगळे कागद आणा. जवळच्यांचासुद्धा.”

“जवळच्यांचा नको, ताई. तो सगळ्यांनाच जड जातो.”

“चौथा कोपरा टाळून तपासणी होत नाही.”

तीन दिवसांत सगळे कागद भरून झाले. चाळीसवाल्या कागदातले सत्तावीस वेगवेगळे करून पाहिले, तर पुढारपणाचे आणि कामातल्या खात्रीचे जवळजवळ सगळे होते. हक्क गाजवायचा आणि दुसऱ्याला वापरून घ्यायचा फक्त एक. लपलेल्या मीपणाच्या कागदावर आकडा इतका खाली आला की त्या बाईंनी बेरीज दोनदा केली. एका प्रश्नाच्या कागदावर काटेबाईंनी सातपैकी तीन लिहिले, फार विचार करून. जवळच्यांचा कागद होयबालाही दिला होता. तो त्याने उघडाच ठेवला, आणि त्यावर, सगळ्या खुणा करून झाल्यावर, खाली दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या होत्या: शिकवताना बाई हातचं काही राखत नाहीत, पण दुसऱ्याने बरोबर केलं तर तसं कधी बोलून दाखवत नाहीत.

ते वाचून काटेबाईंना मिरची झोंबली. “बरोबर केलं तर बोलायचं काय?” त्या म्हणाल्या. “बरोबर तर करायचंच असतं.” होयबा सवयीने ‘हो’ म्हणाला.

राहिला घरचा कागद. घरी दोघीच, त्या आणि लेक. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. लेक केस कापायची, रंगवायची. तिचं स्वतःचं छोटं दुकान होतं, तीन खुर्च्यांचं, आणि शनिवारी बाहेर बाकावर बायका वाट बघत बसायच्या. काटेबाईंनी तिला एके काळी हिशेबनिसाच्या शिक्षणाला घातलं होतं. तिने दोन वर्षं रडत काढली आणि तिसऱ्या वर्षी एक दिवस न सांगता सोडून दिलं. त्याला आता आठ वर्षं झाली होती, आणि अजूनही कुणी विचारलं की काटेबाई सांगायच्या, “सध्या तात्पुरतं ते केसांचं करतेय.”

लेकीने कागद बंद पाकिटात घालून दिला होता. मानसशास्त्राच्या बाई म्हणाल्या, हा मी तुम्हाला दाखवायचा नसतो. काटेबाई म्हणाल्या, मग घरीच विचारते.

संध्याकाळी लेक दुकानातून येऊन पाय पसरून बसली होती. बाईंनी चहाचा कप तिच्या हाती दिला आणि उभ्याउभ्याच विचारलं, “काय लिहिलंस?”

लेकीने कपात बघितलं. “जे आहे ते.”

“चांगलं का वाईट?”

“दोन्ही. तू कुणाला फसवत नाहीस, असं लिहिलं. कुणाचं श्रेय लाटत नाहीस, असं लिहिलं.” तिने कप खाली ठेवला. “एक प्रश्न होता, चूक झाली तर कबूल करते का. तिथे मी शेवटची खूण केली. कधीच नाही.”

काटेबाईंच्या तोंडापर्यंत उत्तर आलं होतं. कधी चुकले, सांग ना, तारीख सांग. सहाशे बारा आकडे त्यांच्या जिभेवर येऊन उभे राहिले. पण समोर तपासनीस नव्हता, लेक होती, आणि तिच्या उजव्या हाताला कात्री धरून पडलेला घट्टा दिव्याखाली स्पष्ट दिसत होता. तात्पुरत्या कामाने असला घट्टा पडत नाही.

“तुला वाईट वाटलं असेल तर मी त्यांना सांगून बदलून देते,” लेक म्हणाली. “तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे, आई. मला ते आधी कळलं नव्हतं.”

“खरं आहे का ते?”

“हो.”

“मग खोडू नकोस.”

एवढंच बोलून त्या आत गेल्या आणि भाजी निवडत बसल्या. निवडलेली भाजी त्यांनी तीनदा धुतली. चुकलं, हा शब्द काही केल्या तोंडातून बाहेर पडेना, आणि त्याची त्यांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा लाज वाटली.

शुक्रवारी साहेबांनी पुन्हा बोलावलं. पाण्याचा पेला आधीच टेबलाच्या अलीकडच्या कडेला होता. साहेबांसमोर तो चाळीस जोड्यांचा एक कोरा कागद होता आणि त्यावर खोडरबर लावलेली पेन्सिल.

त्यांनी दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात बोलायला सुरुवात केली. सोमवारी हुकूम निघायचा आहे. आपल्याला काटेबाईंच्या कामाबद्दल आदर आहे. कागद पुन्हा भरला तर कोण विचारणार आहे? आठ-दहा ठिकाणी जरा हात आखडता घ्यायचा, की झालं. सोळा-सतरा आले तरी आपण वरती निभावून नेऊ. “थोडा नम्रपणा, काटेबाई. सगळेच करतात. होयबाने नाही का केला?”

आता इथे कुणीही शहाणं माणूस पेन्सिल उचलतं. उचलावी असं काटेबाईंनाही वाटलं, खोटं कशाला सांगा. ते ‘करिता’ पेन्सिलीच्या टोकाएवढ्या अंतरावर होतं. आठ खुणा, फार तर दहा. पेला सरकवणारा हा माणूस त्यांचं भलंच करू पाहत होता, आणि भलं करणाऱ्याला नाही म्हणणं हे ओरडणाऱ्याला नाही म्हणण्यापेक्षा अवघड असतं.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “अकरा वर्षांत मी तुमच्या एकाही काट्याचा आकडा बदलला नाही. उत्पादनवाले अंगावर आले तेव्हा नाही, मालकांचा फोन आला तेव्हा नाही. परक्यांचे आकडे सांभाळले आणि स्वतःचा खोडू?”

“अहो, हा काही काटा नाही.”

“तुम्ही त्यावर माणूस तोललात. मग काटाच झाला.” त्यांनी कोरा कागद उलटा करून पेन्सिल त्यावर ठेवली. “माझ्यात मीपणा आहे. नाही असं नाही. पण तो तुमच्या कागदाला सापडला नाही. तुमच्या कागदाला माझं काम सापडलं आणि त्याने त्यालाच मीपणा म्हटलं. खरा होता तो माझ्या लेकीला सापडला, आणि तो तिचा-माझा प्रश्न आहे.”

साहेब म्हणाले, मग माझा नाइलाज आहे. काटेबाई म्हणाल्या, असू दे.

सोमवारपर्यंत वजनखोलीचा कारभार त्यांच्याकडेच होता. त्या दुपारी त्यांनी नोंदवही उघडली आणि सत्तेचाळीस काट्यांच्या खाली अठ्ठेचाळीसावा लिहिला: माणसाचा मीपणा मोजायचा कागद, जागा साहेबांचं कपाट. तपासणीसाठी वापरलेलं वजन: स्वतः. मग एकेका कोपऱ्याचा आकडा, आणि घरच्या कोपऱ्यापुढे लेकीने सांगितलं ते, काहीही न झाकता. शेरा लिहिला: कोपरे जुळत नाहीत, निवडीसाठी वापरू नये. त्याच्याखाली, पेन जरा थांबवून, आणखी एक ओळ लिहिली. तपासणीच्या वजनात दोष आढळला, एक. दुरुस्ती चालू.

सही केली. प्रमुखाकरिता. तो शब्द त्यांनी शेवटचा लिहिला, आणि नेहमीपेक्षा ठळक लिहिला. मग लाल चिठ्ठी घेऊन त्या साहेबांच्या कपाटापाशी गेल्या आणि साहेब जेवायला गेलेले असताना प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ती व्यवस्थित, चारी कडा दाबून चिकटवली.

घरी जाताना त्या वाटेत लेकीच्या दुकानात शिरल्या. आठ वर्षांत दुसऱ्यांदा. बाकावर बसलेल्या एका बाईने विचारलं, तुम्ही कोण? “मी हिची आई,” काटेबाई म्हणाल्या. “हिचं दुकान आहे हे.” लेकीची कात्री जराशी थांबली आणि पुन्हा चालू लागली. त्यांनी आपला नंबर लावला आणि पाऊण तास थांबून केस कापून घेतले. चुकलं हा शब्द त्या दिवशीही आला नाही, पण तात्पुरतं हा शब्द त्यानंतर घरात कुणी ऐकला नाही.

सोमवारी हुकूम निघाला. वजनखोलीच्या दारावर होयबाच्या नावाची पाटी लागली. तो दिवसभर खुर्चीच्या कडेवर बसला, जणू खुर्ची कुणाची तरी मागून आणलेली होती. काटेबाईंनी त्याला किल्ल्या मोजून दिल्या, शिक्के दिले, कुठल्या काट्याला थंडीत काय होतं ते सांगितलं. हातचं काही राखलं नाही. खिडकीजवळच्या आपल्या जुन्या बाकावर त्यांनी वजनपेटी घेतली. त्यांना बरं वाटत होतं असं नाही. पाटीकडे बघायचं त्या टाळत होत्या, आणि दाराशी जावं लागलं की मान वळवून जात होत्या.

गुरुवारी साहेब स्वतः जिना चढून वर आले, हातात तो गठ्ठा. त्यांच्या मागून मानसशास्त्राच्या बाईही आल्या होत्या; त्या दाराशीच थांबल्या. साहेबांना नव्या भरतीसाठी कागद हवे होते, आणि बाहेरून आलेल्या तपासनिसांनी सकाळी कपाटात लाल चिठ्ठी बघून नियमाचं पुस्तक काढलं होतं. लाल चिठ्ठी म्हणजे लाल चिठ्ठी, ते म्हणाले होते. कशाला लावली ते आम्ही बघत नाही, कुणी काढली ते बघतो.

साहेबांनी गठ्ठा होयबाच्या टेबलावर ठेवला. काटेबाईंकडे त्यांनी बघितलं नाही. “हा पोरखेळ झालाय,” ते होयबाला म्हणाले, अगदी मऊ आवाजात. “तुम्ही प्रमुख आहात. काढून टाका आणि सही करा, म्हणजे विषय संपला.”

होयबाने नोंदवही ओढली. अठ्ठेचाळीसावी नोंद त्याने वाचली, एकदा, मग बोट ठेवून पुन्हा एकदा. शेवटच्या ओळीपाशी त्याचं बोट बराच वेळ राहिलं. मग त्याने मान वळवून खिडकीकडे बघितलं.

काटेबाईंनी वर पाहिलं नाही. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यानेही त्याला मदत केली नाही. पन्नास ग्रॅमचं वजन चिमट्यात धरून त्या मऊ ब्रशने त्याच्यावरची धूळ झाडत होत्या, आणि त्या वजनावर धूळ अजिबात नव्हती.

“काय झालं?” साहेब म्हणाले. “काढा ना.”

“नाही, साहेब,” होयबा म्हणाला.

त्याचा आवाज इतका बारीक होता की साहेबांनी त्याला पुन्हा विचारलं. तो उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता. “नाही काढता येणार. कोपरे जुळत नाहीत.” आणि मग, थांबता येईना म्हणून असेल, तो पुढे बोलला. “मला तीन आले होते, साहेब. मला तीन कसे आले ते मला माहीत आहे. मी मान खाली घालून भरला होता.”

साहेबांनी गठ्ठा उचलला, लाल चिठ्ठीसकट, आणि जिना उतरून गेले. दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी त्यांना वाट करून दिली आणि त्याही गेल्या.

होयबा खुर्चीत बसला. या वेळी पाठ टेकून बसला. वजनखोलीत काट्याच्या काचेवर ऊन आलं होतं. काटेबाईंनी चिमट्यातलं वजन पेटीतल्या त्याच्या खळग्यात ठेवलं, झाकण लावलं, आणि खिडकीकडेच बघत म्हणाल्या,

“बरोबर केलंस.”